उगवला नाही तो आपला

आमच्या भवानी पेठेतल्या बोळात मल्लिनाथ सर रोज सकाळी हात पाठीमागं बांधून फिरतात आणि वाकून वाकून प्रत्येकाचा उंबरा बघतात. समोरची नवी सून लक्ष्मी मला म्हणाली, "अक्का, ह्यांचं काय हरवलंय का आमच्या दारात?"

सर कॉलेजात जंतू शिकवायचे. रिटायर झाले, पण जंतू काही सुटले नाहीत. मी शेंगा फोडत बसले की शेजारी टेकतात आणि एकेक दाणा उचलत सांगत बसतात. जंतूच्या आत उडी मारणारा डीएनएचा एक तुकडा सोडायचा. तो कुठंही जाऊन बसतो. ज्या जनुकात बसला, ते जनुक बंद.

"चांगला धडधाकट जंतू, कशाला मोडायचा ओ?"

"मोडल्याशिवाय कळंना की अक्का, कोण काय काम करत होतं ते."

मग मखमल येते. एका ताटलीतले जंतूंचे ठिपके मखमलीवर टिपायचे आणि दुसऱ्या ताटलीत तसेच उमटवायचे. दुसरीच्या खाऊतला एक जिन्नस मुद्दाम वगळलेला. जनुक मोडल्यामुळं ज्याला तो जिन्नस स्वतः करता येत नाही, त्याचा ठिपका तिथं उगवत नाही. "उगवला नाही तो आपला." हे वाक्य सरांच्या लई आवडीचं. त्यांच्या पुतण्याच्या लग्नातसुद्धा आलेल्यांना सोडून न आलेल्यांचीच चौकशी करत बसले होते.

गेल्या थंडीत मी न्हाणीत घसरून पडले. घरात एकटी. हाका मारल्या, त्या नळाच्या आवाजात बुडाल्या. जरा वेळानं दार धडाधडा वाजायला लागलं. सर होते. लक्ष्मीच्या नवऱ्याला घेऊन आले, कडी उचकटली.

दवाखान्यातून आल्यावर मी विचारलं, "तुमाला कळलं कसं?"

"काल सगळ्या दारांत रांगोळी होती. आज तुमच्या दारात नव्हती."

तेव्हा उमगलं, हा माणूस रोज काय बघत हिंडतो ते.

"आणि तुमच्या दारातली ओ?"

सरांच्या हातातला दाणा हातातच राहिला. "ही गेल्यापासून रिकामंच आहे. रोजच रिकामं असल्यावर कुणाला काय कळणार?"

मी रांगोळीचा डबा त्यांच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, रोज एक रेघ ओढायची. जन्मभर डोळ्याला न दिसणारे जंतू हाताळलेला माणूस, पण चिमटीतून रांगोळी नीट सुटंना. भसकन ढीग पडतो.

आता चहा टाकायच्या आधी मी दार उघडून त्यांच्या उंबऱ्याकडं बघते. रेघ वाकडीच असते. पण असते.