खड्डा क्रमांक चौदा

मला फसवणं अवघड आहे. बढाई मारत नाही, माझी नोकरीच तशी आहे. विमा कंपनीत मी नुकसानभरपाईचे दावे तपासतो. 'टीव्ही आपोआप पडला' म्हणणाऱ्याकडे मी नुसतं बघत बसतो. पाचव्या मिनिटाला तो पाणी मागतो आणि दहाव्या मिनिटाला खरं बोलतो. बायको म्हणते, ही नजर ऑफिसात काढून ठेवून घरी येत जा. पण स्वभावाला औषध नसतं.

त्यामुळे आमच्या मागच्या अंगणात उत्खनन सुरू झालं, तेव्हा पहिला संशय मलाच आला. बायकोला मातीची भांडी घडवायचा नाद. तिला चाक ठेवायला अंगणात एक खोली हवी होती. नगरपालिकेने कळवलं की ही जागा जुन्या शहरात येते, पाया घेण्याआधी खाली काय आहे ते बघावं लागेल. आणि एके सकाळी फाटकातून पुरातत्त्व खात्याच्या एक बाई आल्या. हातात गवंड्याची असते तशी छोटी थापी, गुडघ्यांना स्पंजचे पॅड, आणि चेहरा माझ्यासारखाच, कशावरही विश्वास नसलेला. मी मनातल्या मनात त्यांचं नाव थापीबाई ठेवलं.

आठवड्याभरात थापीबाईंनी निकाल दिला. सहाशे वर्षांपूर्वी आमच्या जागेत कुंभार राहत होता. रस्त्याच्या बाजूला घर, मागे कारखाना, आणि आगीची भीती म्हणून अगदी टोकाला भट्टी.

"कशावरून?" मी विचारलं. हा माझा रोजचा प्रश्न.

त्यांनी वाकड्या, तडकलेल्या खापरांचा ढीग दाखवला. "भट्टीत बिघडलेला माल. विकता येत नाही, कुणाला दाखवायची लाज वाटते. मग माणूस काय करतो? मागच्या मागे पुरून टाकतो आणि गप्प बसतो."

मी उगाचच खोकलो.

पण नुसत्या खापरांसाठी एवढा खटाटोप कोण करेल? पाणी कुठेतरी मुरत होतं. थापीबाई आणि त्यांचे नकाशे काढणारे चष्मेवाले गृहस्थ रोज संध्याकाळी मातीच्या पिशव्यांवर नंबर टाकून गाडीत चढवत. सोमवारी एकवीस, मंगळवारी चौतीस. माती कुणी नंबर टाकून नेतं का? एका कोपऱ्यावर तर निळं प्लास्टिक पांघरलेलं. रविवारी मी रांगत जाऊन ते उचललं. खाली जळक्या मातीचं एक काळं वर्तुळ होतं. म्हणजे सोनं त्याच्याही खाली असणार, हे उघड होतं.

"अहो," खिडकीतून बायको म्हणाली, "रांगायची एवढी हौस असेल तर त्या बाईंना मदत तरी करा. चार खापरं धुवा."

ती स्वतः रोज तेच करत होती. पाण्याची बादली, जुना टूथब्रश आणि थापीबाईंशी गप्पा. दोघींचं चांगलंच गूळपीठ जमलं होतं.

बुधवारी थापीबाईंनी लिंबाच्या झाडाजवळ खुंट्या ठोकल्या. "उद्या इथे खणू."

माझ्या कपातला चहा बशीत आला. आता तुमच्यापासून काय लपवायचं? त्या झाडाखाली सोनं नव्हतं. तिथे मीच काहीतरी पुरलं होतं.

त्याचं असं झालं. अकरा वर्षांपूर्वी बायकोने तिची पहिली बरणी केली. अंगणातलीच माती, अंगणातच लाकडं रचून भाजलेली. मान एका बाजूला कललेली, पण तिचा जीव होता त्या बरणीवर. एके दुपारी मी तिला बरणीत काहीतरी टाकताना पाहिलं. झालं! ती बाहेर पडताच मी हात घातला. हात आत गेला, बाहेर येईना. सोडवता सोडवता बरणी ओट्यावर आपटली आणि सात तुकडे झाले. आत निघालं काय, तर ओल शोषायला ठेवलेला कोळसा. मी तुकडे चिकटवायला बसलो. माझी बोटं एकमेकांना झकास चिकटली, बरणी काही चिकटली नाही. शेवटी पुरून टाकली आणि गप्प बसलो.

त्याच दुपारी तिचा मोठा भाऊ येऊन गेला होता, आणि तो त्या बरणीला कायम 'मान मुरगळलेला बगळा' म्हणायचा. संध्याकाळी बायकोने विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणालो, "मी कुणावर आरोप करत नाही. पण आज घरात कोण येऊन गेलं, याचा विचार कर." ऑफिसातलं हमखास वाक्य, आणि ते हमखास लागू पडलं. भाऊ नाही म्हणाला, बहिणीने मानलं नाही, अकरा वर्षं दोघांचं बोलणं बंद. आता मेहुण्याची बदली परदेशात झाली होती. 'जायच्या आधी येऊन भेटू का?' हा त्याचा निरोप आठवडाभर बायकोच्या फोनमध्ये पडून होता. ती रोज वाचायची आणि फोन पालथा ठेवायची. ते बघून मला अन्न गोड लागत नव्हतं. पण खरं सांगायची छाती होत नव्हती.

"झाडाची मुळं फार नाजूक आहेत," मी थापीबाईंना म्हणालो.

"मी झाडापासून हातभर लांब खणणार आहे."

"तिथलीच जास्त नाजूक आहेत."

थापीबाईंनी थापी खाली ठेवली. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. पाचव्या मिनिटाला, माझ्याच घरात, मी पाणी मागितलं.

गुरुवारी मी रजा टाकली. दुपारी थापीबाई आणि चष्मेवाले जेवायला गेले, बायको दुकानात गेली, आणि मी स्वयंपाकघरातला कालथा घेऊन झाडाखाली बसलो. सातही तुकडे हाताला लागले. आणि फाटक वाजलं. लपवू कुठे? शेजारीच धुवायच्या खापरांचा ट्रे होता. दिले त्यात ढकलून! खड्डा पायाने बुजवला, वर्तमानपत्र उघडलं आणि झाडाला टेकून वाचू लागलो. सहाशे वर्षांच्या खापरांत सात खापरं कोण ओळखणार?

बायकोने येऊन तोच ट्रे पुढ्यात ओढला. टूथब्रश फिरू लागला. जेवून परतलेल्या थापीबाई धुतलेली खापरं एकमेकांना लावून बघत होत्या. एक जुळलं, दुसरं जुळलं.

"वा, अख्खी बरणी निघतेय," त्या म्हणाल्या. "माती इथलीच. पण काम अगदी नवशिक्याचं. मान बघा कशी कललीय. कुंभाराने फेकून दिली, यात नवल नाही."

बायकोचा टूथब्रश थांबला. बरणीच्या कानाच्या तळाशी मातीत अंगठ्याचा ठसा होता. तिने त्यावर आपला अंगठा ठेवला. चपखल बसला.

"बाई, हा ठसा माझ्या मापाचा कसा?"

थापीबाईंनी भिंग काढलं. "आणि कडेला हे काय? गोंद?"

"तेव्हा गोंद नव्हता का?" मी वर्तमानपत्राआडून विचारलं.

"ट्यूबमधला नव्हता."

त्या उठल्या, झाडाखाली आल्या, थापीने तीनदा माती खरवडली आणि वर न बघता बोलू लागल्या. "हा खड्डा दोनदा खणलाय. एकदा बऱ्याच वर्षांपूर्वी, फावड्याने. एकदा आज, कसल्यातरी पातळ पात्याने. खालची पिवळी माती वर आलीय, म्हणजे घाईघाईत बुजवलाय. आणि खणणारा डावखुरा."

चष्मेवाल्यांनी वहीत लिहिलं, 'खड्डा क्रमांक चौदा'. मग तिघांनी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. कालथा अजून हातातच होता.

"आपोआप फुटली," मी म्हणालो.

बायको ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हात पुसले, पालथा फोन उलटला आणि नंबर लावला. "दादा, मी बोलतेय. बरणी तू नाही रे..." तिने माझ्याकडे पाठ फिरवली. मग म्हणाली, "ये. आजच ये." वीस वर्षं मी लोकांच्या थापा पकडल्या, आणि स्वतःची एक अंगणात पुरून तिच्यावर चहा पीत बसलो. मला लाज वाटली. खरंच वाटली.

मेहुणा संध्याकाळी आला. टेबलावर मांडलेल्या सात तुकड्यांकडे बघून म्हणाला, "बगळ्याची मान अजून तशीच आहे की गं." मग दोघं भाऊबहीण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. माझ्याशी तो दोन तास बोलला नाही. निघताना दारात म्हणाला, "भाऊजी, अकरा वर्षांच्या नुकसानीचा दावा तुमच्याकडे कुठल्या खिडकीवर घेतात?"

थापीबाईंनी जाण्याआधी बरणी नीट जोडून दिली. ती आता दिवाणखान्यात, माझ्या खुर्चीसमोर असते. मागच्या आठवड्यात बायकोने माझ्यादेखत तिच्यात काहीतरी टाकलं आणि हसली. काय टाकलं ते सांगत नाही. कागदासारखं वाजतं. माझी झोप उडालीय, पण हात घालायची सोय नाही, कारण थापीबाईंचा नंबर तिच्याकडे आहे.

तुमच्यापैकी कुणाचा हात बारीक असेल, तर ती दुकानात गेली की जरा येऊन जा. काही झालंच तर तुमचं नाव माझ्या तोंडून येणार नाही. मी कधीच कुणावर आरोप करत नाही.