केराच्या डब्यातून महाविषाणू काबीज केल्याची हकीकत

सकल विद्यावंतांस विदित व्हावे, की प्रयोगशाळेच्या तख्तावर आईसाहेब विराजमान असता आणि त्यांच्या सूनबाई तेथेच संशोधनाची चाकरी बजावीत असता, खिडकीजवळील चंबूतला समुद्री शेवाळाचा हिरवागार मुलूख एकाएकी पांढराफटक पडला. बहुत अनर्थ जाहला. आईसाहेबांनी उभ्याउभ्या निवाडा केला, की चंबूत साबण राहिला, कसूर सूनबाईंची. सूनबाईंनी अर्ज गुदरला, की हा महाविषाणूचा घाला आहे, आणि साबणाचा डाग कायम राहिल्यास आपण प्रयोगशाळा सोडू.

मग महाविषाणूच्या कुळावरून जुने वैर उफाळले. आईसाहेबांचे मत, की ते पदभ्रष्ट राजघराणे, पूर्वी नांदती पेशी, पुढे सर्वस्व गमावलेली. आणि आपल्या माहेराविषयीही त्यांचे मत हेच होते. सूनबाईंचे मत, की मूळचा चिमुकला विषाणू, ज्या पेशींत शिरला त्या यजमानांची जनुके लुटून लठ्ठ जाहला.

मग आईसाहेब जातीनिशी मोहिमेस निघाल्या, म्हणजे खुर्चीतून उठल्या, आणि मेल्या चंबूचे पाणी बारीक गाळणपडद्यातून गाळले, कारण विषाणू तेवढा पार होतो, बाकी फौज अडकते, हा त्यांचा आयुष्यभराचा दंडक. पडदा केरात टाकला आणि गाळीव पाणी ताज्या शेवाळात सोडले. शेवाळ हिरवेच राहिले. नौबत झडली, म्हणजे आईसाहेबांनी टेबल बडविले, आणि फर्मान सुटले, की विषाणू नाही, सबब साबणच.

"अहो आई," सूनबाई म्हणाल्या, "साबण असता तर तो पाण्याबरोबर खाली नसता का उतरला? आणि महाविषाणू एवढ्याशा छिद्रातून जाईल कसा? पडद्यावरच बसला असेल!"

दरबाराची नजर केराच्या डब्याकडे वळली.

"केर गेला का गं?" आईसाहेबांनी बारीक आवाजात पुसले.

"नाही अजून."

मग खाशा स्वारीने पदर खोचून डब्यात हात घातला आणि पडदा हस्तगत केला, आणि तो खळबळून ते पाणी शेवाळात सोडताच तोही मुलूख पांढरा पडला. जनुके वाचून पाहिली, तो गाभा चिमुकल्या विषाणूचा आणि बाकी सारा ऐवज शेवाळाच्या व इतरांच्या घरचा निघाला. राजघराणे बुडाले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. हुकूम जाहला, की लेखावर पहिले नाव सूनबाईंचे घालावे, साबणाचा आरोप रद्द समजावा, आणि पडदा केरातून कोणी काढला हे ठळक लिहून तो तेथे कोणी टाकला हे लिहू नये. तेव्हापासून आईसाहेब घरी चहा गाळल्यावर गाळणीतला चोथा चष्मा लावून निरखतात, आणि मगच टाकतात.