दोन लायनी, एक टेंडर

टेंडरचं पोर्टल चालवणाऱ्यांनो, त्या पोर्टलवर तुम्ही स्वतः जन्मात एक अर्ज भरलेला नाही, हा तुमच्यावर सरळ आरोप आहे. भरला असता तर इंजिनिअरवर ही पाळी आली नसती.

इंजिनिअर म्हणजे फर्निचरच्या कारखान्यातला धाकटा भाऊ. शिक्षण बारावी नापास. पण एकदा बंद पंखा त्याच्या हातून फिरला, तेव्हापासून हे नाव चिकटलं. कारखाना दादाचा, ऑफिस वहिनींचं आणि जिथे तारा लोंबतात ते राज्य याचं. इस्पितळाच्या दोनशे बाकांचं टेंडर त्या दिवशी पाचला बंद होणार होतं. ते हुकलं तर सहा सुतार घरी बसणार होते. आणि ऑफिसातलं नेट उठसूट झोपायचं.

म्हणून त्याने त्याच सकाळी दुसऱ्या कंपनीची लाईन घेतली आणि दोन्ही लायनींवर काम वाटून देणारा लोड बॅलन्सिंग राउटर बसवला. "वहिनी, आता एक लाईन मेली तरी दुसरी खांदा देईल," तो म्हणाला. चालत्या गाड्याला खीळ घालायला आजचाच मुहूर्त सापडला का, एवढंच दादाने विचारलं.

दुपारी वहिनींनी अर्ज उघडला. पहिलं पान भरलं, दुसऱ्यावर गेल्या, तर पोर्टलने बाहेर काढलं. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. भाडं थकवलेल्या भाडेकरूलाही कोणी इतक्यांदा हाकलत नाही. वहिनींचा पासवर्ड चुकतोय, असं निदान इंजिनिअरने केलं. अकरा वर्षं हीच बोटं तोच पासवर्ड टाकताहेत, असं वहिनींनी सुनावलं. मग तो स्वतः बसला. त्याच्या तिसऱ्या प्रयत्नाला पोर्टलने खात्यालाच कुलूप घातलं: संशयास्पद हालचाल.

हेल्पलाईनवरच्या बाईंनी सांगितलं की तुमच्या खात्यात एकाच वेळी दोन ठिकाणांहून कोणीतरी शिरतंय. इंजिनिअरच्या डोक्यात ट्यूब पेटली. राउटर एक पान या लायनीने पाठवत होता, दुसरं त्या लायनीने. पोर्टलला एकाच माणसाचे दोन पत्ते दिसत होते. कोडं सुटल्याच्या आनंदात तो बोलून गेला, "मॅडम, ते दोघंही मीच!"

"कबुली नोंदवली आहे," बाई म्हणाल्या. "चौकशी होईपर्यंत खातं बंद राहील."

वहिनींनी राउटरमधून एक वायर उपटली, त्याच्या हातात ठेवली आणि स्कूटरची किल्ली घेतली.

साडेचारला दोघं कागदांचा गठ्ठा घेऊन तुमच्या कचेरीत हजर. खिडकीतल्या साहेबांनी गठ्ठ्याला बोटही लावलं नाही. कागद चालत नाहीत, ऑनलाइनच भरा. बरं, मग खातं तरी उघडून द्या. तर ते म्हणाले, उघडलं असतं, पण सकाळपासून आमचं नेट बंद आहे.

"कधी येईल?" वहिनींनी विचारलं.

"आलं की येईल."

"साहेब, दोन लायनी घ्या," इंजिनिअर म्हणाला. वहिनींनी त्याला कोपराने असं ढोसलं की पुढचा सल्ला घशातच राहिला.

पाच वाजले. तुमचं नेट झोपलेलं होतं, पण टेंडर मिनिटाचीही चूक न करता बंद झालं.

सोमवारी सहा सुतार विचारायला येतील. त्यांना काय सांगायचं? दोन वाटांनी येणारा तुमच्या लेखी चोर, आणि एकही वाट चालू नसलेले तुम्ही साहेब, हा न्याय कुठला? उत्तर द्या. लेखी द्या.

आणि कागदावरच द्या. आमचं खातं बंद आहे.