पहिला येईल तो कूम

आजीनं मला वळणावर उभी राहशील का असं विचारलं आणि मी लगेच हो म्हटलं, कारण त्या कामात फारसं बोलायचं नव्हतं. माझं नाव यास्ना. त्याचा अर्थ स्पष्ट, स्वच्छ. (मी दुकानात पाव मागितला तर दुकानदार काड्यापेटी देतो आणि मी ती निमूटपणे घरी आणते. आमच्याकडे काड्यापेट्या भरपूर आहेत.)

माझा धाकटा भाऊ तेव्हा सहा दिवसांचा होता आणि त्याला नाव नव्हतं. त्याच्या आधी आणखी दोन भाऊ होऊन गेले. पहिल्याचं नाव वूक, म्हणजे लांडगा. लांडग्याच्या वाटेला चेटकिणी जात नाहीत, म्हणून. लांडगा अकरा दिवस राहिला. दुसऱ्याचं नाव स्तोयान, म्हणजे थांबणारा. तो एकोणीस दिवस थांबला. वडील म्हणायचे, नावात काही नसतं, दोघंही वेळेआधी जन्मले, त्यांची फुप्फुसं कच्ची होती. आजी म्हणायची, दुसऱ्या नावानं आठ दिवस जास्त मिळाले, म्हणजे नावात काहीतरी असतं, फक्त ते ठेवणारा माणूस चुकीचा होता.

आमच्याकडे बाळाचं नाव आईवडील ठेवत नाहीत. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला हातात धरतो तो कूम, आणि नाव तो ठेवतो. कूमचं घराणं पिढ्यान् पिढ्या एकच असतं. पण घरात मुलं टिकत नसतील तर कूम बदलायचा, आणि नवा कूम आपण निवडायचा नाही. बाळाला सकाळी चौकात ठेवायचं आणि पहिला जो येईल त्यानं उचलायचं. त्याला नाही म्हणता येत नाही आणि आपल्यालाही नाही म्हणता येत नाही.

आजीचा देवावर विश्वास होता, पण एवढं महत्त्वाचं काम ती एकट्या देवावर सोडणार नव्हती. तिनं गुरांचे डॉक्टर स्रेतेन यांना आधीच गाठून ठेवलं होतं. हसरा माणूस, पाच मुलं, पाचही धडधाकट. ते साडेसहाला पांढऱ्या गाडीतून येणार होते. त्याआधी दुसरं कुणी आलं तर त्याला वळणावर अडवायचं आणि पुढे ट्रॅक्टर उलटलाय असं सांगायचं, एवढंच माझं काम.

आधीच्या दोघांची नावं कळल्यापासून आई त्यांना दिवसभर नावानं हाका मारायची, झोपलेले असले तरी. याला ती पाजायची, पुसायची आणि ‘हा’ म्हणायची. ‘ह्याला धर.’ ‘ह्याचं दुपटं दे.’ त्या सकाळी तिनं त्याला एकावर एक दोन टोपड्या घातल्या, आजीच्या हातात दिलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मला दोनच गोष्टी हव्या होत्या. त्यानं विसावा दिवस पाहावा आणि आईनं त्याला एकदा तरी नावानं बोलवावं.

सहा वाजता आजीनं त्याला मेंढीच्या कातड्यावर ठेवून चौकात निजवलं आणि स्वतः कुंपणामागे बसली. मी वळणावर प्लमच्या झाडाखाली उभी राहिले आणि तोंडातल्या तोंडात म्हणू लागले, पुढे ट्रॅक्टर उलटलाय, पुढे ट्रॅक्टर उलटलाय. सहा वाजून वीस मिनिटांनी गाडी आली. ती पांढरी नव्हती. ती काळी, लांब, मागच्या काचांना पडदे असलेली होती.

ती मिलादिनकाकांची होती. मिलादिनकाका शवपेट्या बनवतात, त्या त्यांच्याच गाडीतून नेतात आणि क्रूसांवर नावंही रंगवतात. माझ्या दोन्ही भावांची त्यांनीच रंगवली होती.

मी हात वर केला. तोंडही उघडलं, आणि माझ्या मते मी ट्रॅक्टर हा शब्द उच्चारला. मिलादिनकाकांनी गाडी हळू केली, टोपी उचलून मला नमस्कार केला आणि पुढे गेले. मी मागून धावले. (शाळेत मी धावण्यात शेवटून दुसरी आहे. शेवटचा मुलगा तेव्हा प्लॅस्टरमध्ये होता.)

मी चौकात पोचले तेव्हा बाळ त्यांच्या हातात होतं. चालीरीत त्यांना माहीत होती. रस्त्यावर बाळ दिसलं म्हणजे काय, हे विचारावं लागलं नाही. आजी कुंपणामागून उठत होती, आणि तिला पूर्ण उभं राहायला नेहमीपेक्षा खूप वेळ लागला.

“देसांकामावशी,” मिलादिनकाका म्हणाले, “मी ह्याला खाली ठेवून मागे वळतो. मला कुणी पाहिलं नाही.”

“देवानं पाहिलं,” आजी म्हणाली. “आणि ह्या पोरीनं पाहिलं, जिला आयुष्यात एकच काम सांगितलं होतं.”

“तिनं मला हात केला. तीस वर्षं ही गाडी चालवतोय, लोक मान फिरवतात. मला वाटलं, पुढे काहीतरी चांगलं असणार.”

दहा मिनिटांनी डॉक्टर स्रेतेन आले. स्वच्छ दाढी केलेली, चांगला कोट घातलेला. त्यांना परत पाठवावं लागलं.

घरी वडील बराच वेळ बोलत होते. सगळ्या जिल्ह्यात दुसरा माणूस नव्हता का, आता बाळाचं मापही घेऊन टाका म्हणावं, असं बरंच काही. मी दाराआड उभी होते आणि मला दारातच विरघळून जावंसं वाटत होतं. मग आतून आईचा आवाज आला.

“त्या दोघांना शेवटचं त्यानंच उचललं होतं,” ती म्हणाली. “ह्याला पहिलं उचललंय. राहू दे.”



बाप्तिस्मा बाराव्या दिवशी ठरला. मधल्या दिवसांत मिलादिनकाका रोज फाटकापाशी येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, नाव अजून मिळत नाही. त्यांची अडचण मला कळत होती. कुठलंही नाव आठवलं की त्यांना त्याच्यापुढे आडनाव आणि खाली दोन सालं दिसायची. झिवान म्हणजे जिवंत. तो त्यांनी सात वेळा रंगवला होता. दुशान, म्हणजे जीव असलेला, अकरा वेळा. (त्यांची गाडी रोज दारात दिसू लागल्यामुळे शेजारच्या दोन बायका सांत्वनाला येऊन गेल्या. एकीनं शिजवलेला गहूही आणला होता, तो मयताच्या वेळी देतात. आजीनं तो ठेवून घेतला आणि बाईला हाकललं.)

चाळीस दिवस होईपर्यंत आईला चर्चमध्ये जायचं नसतं. ती घरी थांबली. मी मेणबत्ती धरायला गेले, त्यातही बोलायचं नव्हतं. पाद्रीबाबांना एका कानानं ऐकू येत नाही आणि दुसऱ्यानं फक्त स्वतःचं गाणं ऐकू येतं. त्यांनी मिलादिनकाकांना विचारलं, बाळाचं नाव काय.

मिलादिनकाकांच्या हनुवटीवरून घाम बाळाच्या टोपडीवर पडत होता. पाद्रीबाबांनी पुन्हा विचारलं. मग मिलादिनकाका माझ्याकडे वळून कुजबुजले, “सांग ना गं काहीतरी.”

मी म्हटलं, माहीत नाही. आमच्या भाषेत ते ‘ने झ्नाम’ असं म्हणतात, आणि माझ्या तोंडून त्यातलं जेमतेम निम्मं बाहेर पडतं.

“नेनाद,” पाद्रीबाबा समाधानानं म्हणाले आणि त्यांनी बाळाला पाण्यात बुडवलं.

नेनाद म्हणजे ज्याची कुणी आशाच धरली नव्हती असा. बाळ रडलं. एवढं मोठ्यानं ते तोवर कधी रडलं नव्हतं. मिलादिनकाका बोटांवर काहीतरी मोजत होते.

“नेनाद मी एकच रंगवलाय,” ते हळूच म्हणाले. “तो एक्क्याण्णव वर्षांचा होता.”

नाव आईला आधी जाऊन सांगायचं काम घरातल्या मुलांचं असतं, म्हणजे माझं. आई खिडकीत बसली होती. मी सांगितलं. तिनं विचारलं, कुणी ठेवलं. मी खरं ते सांगितलं, की माहीत नाही.

आजीनं बाळाला आत आणलं तेव्हा आईनं दोन्ही हात पुढे केले. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ते नाव म्हटलं. इतकं हळू, की मला पहिल्यांदाच कळलं मी कुणावर गेले आहे.

एकोणिसावा दिवस आला. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. विसाव्या दिवशी सकाळी आजी अंगणात गेली आणि कोंबड्यांवर विनाकारण ओरडली, तेव्हा मला कळलं की तो जिवंत आहे.

चाळिसाव्या दिवशी मिलादिनकाका कूम म्हणून भेट घेऊन आले. ती त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि वरचं कापड काढलं. लहानशी पेटी, फिकट लाकडाची. आजीनं खुर्ची धरली. मग आम्हाला दिसलं की पेटीच्या खाली दोन वाकडे पाय लावलेले होते. तो पाळणा होता.

“ही कधी केलीत?” आईनं विचारलं.

मिलादिनकाकांना खोटं बोलता येत नाही. “एप्रिलमध्ये,” ते म्हणाले. “तुम्हाला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा. मागच्या दोन्ही वेळी फार घाई झाली. कडा नीट घासता आल्या नव्हत्या.” मग त्यांनी टोपी हातात घेतली. “पाय काल लावले.”

आई उठली आणि तिनं पेटीच्या चारही कडांवरून अंगठा फिरवला, सावकाश, कोपऱ्यांत थांबत.

“ह्या वेळी नीट घासल्यात,” ती म्हणाली, आणि तिनं नेनादला आत ठेवलं.

त्याला आता दोन वर्षं झाली. तो चालतो, चावतो, आणि त्याचं बोलणं रस्त्यापलीकडे ऐकू जातं. पाळण्यात तो मावेनासा झाला तेव्हा मिलादिनकाकांनी पाय काढून दिले. पेटी रिकामी ठेवायची नाही, असं आजीनं बजावलं, म्हणून मी तिच्यात माझ्या नापास झालेल्या गणिताच्या सगळ्या उत्तरपत्रिका ठेवल्या आणि वर झाकण लावलं. वडिलांनी झाकण उचलून एकेक कागद पाहिला, पुन्हा नीट बंद केलं आणि म्हणाले, पेटी शेवटी ज्या कामासाठी केली होती त्याच कामी आली.