डॉक्टर पराते आणि सातवा रुग्ण

डॉक्टर पराते कुणाच्याही तोंडाकडे आधी बघत नसत. त्यांची ओळख पायापासून सुरू व्हायची.

एकोणीसशे सत्तरच्या सुमारास मी नागपुरात त्यांच्या विभागात टायपिस्ट म्हणून लागलो. पहिल्याच सकाळी हा पन्नाशीचा, टक्कल पडलेला मोठा डॉक्टर माझ्यापुढे वाकला आणि त्यानं माझ्या पायाला हात लावला. मी "अहो, अहो" करत मागे सरकलो तो थेट फायलींच्या ढिगावर. त्यांनी शांतपणे माझ्या पावलावर दोन बोटं टेकवली. "नाडी हाय. बसा, बाबू."

धंतोलीतल्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाचा पाय असाच धरला. मुलीकडच्यांना वाटलं, विधी सुरू झाला. कुणीतरी लगबगीनं ताम्हण पुढे सरकवलं. डॉक्टर नवरदेवाला विचारत होते, "करवत वढून राहिला का गा?"

करवत म्हणजे बिडी. ऐन तिशीतल्या बिडीबाज माणसांच्या पायातल्या रक्तवाहिन्या बंद पडत जातात. आधी चालताना पोटऱ्या दुखतात, मग अंगठा काळा पडतो आणि शेवटी पाय कापावा लागतो. डॉक्टर स्वतः उमरेडच्या विणकरांच्या घरातले. असे पाय त्यांनी लहानपणापासून पाहिलेले. त्यांनी वीस वर्षं या एकाच रोगामागे घालवली आणि लग्न करायचं राहूनच गेलं.

त्यांचा तो शोधनिबंध मी नऊ वेळा टाईप केला. दर वेळी ते एखादा स्वल्पविराम वाढवायचे. मी वैतागलो की म्हणायचे, "वाचनाऱ्याले दम घ्याले जागा नको का?" परदेशी वैद्यकीय मासिकाकडून निबंध दोनदा परत आला. तिसऱ्यांदा छापून आला.

त्या दिवशी विभागात समोसे आले. डॉक्टरांनी हातही लावला नाही. छापील अंक पिशवीत टाकून म्हणाले, "चला बाबू, रामाजीले दाखवून येऊ."

रामाजी म्हणजे निबंधातला रुग्ण क्रमांक सात. हा पाचपावलीतला विणकर. त्याचा उजवा पाय गेला होता. पण बिडी सोडली आणि डावा वाचला. डॉक्टरांचा सगळा जीव त्याच्यावरच्या परिच्छेदात होता.

रामाजी खोलीत एकटाच होता. मागावर अर्धवट लुगडं, त्यावर धूळ. डॉक्टर नेहमीसारखे वाकले. बोटं टेकवली, थोडी सरकवली, पुन्हा टेकवली. खूप वेळ ते वर उठलेच नाहीत. अंगठा काळा पडला होता.

"काहून सुरू केली गा?" एवढंच त्यांनी विचारलं.

"घरवाली बुढी गेली न डॉक्टरसाहेब, पोळ्याच्या आधी," रामाजी म्हणाला. "बोलाले कोनी नाई. बिडी पेटवली का वाटे, कोनी तरी बसून हाय जवळ."

मला वाटलं, आता डॉक्टर कडाडतील. पण ते जमिनीवर बसून राहिले. अंक पिशवीतच राहिला.

महिनाभरात रामाजीचा दुसरा पायही गेला. डॉक्टरांनी संपादकांना पत्र लिहायला घेतलं. रुग्ण क्रमांक सातनं पुन्हा बिडी धरली आणि पाय गमावला, एवढं मी टाईप केलं.

"कारण लिहा," ते म्हणाले. "घरात बोलायला कुणी नव्हतं."

"सर, असलं कारण ते छापणार नाहीत."

"मंग आपला निबंध अधुरा हाय," ते म्हणाले. मी ते कारणाचं वाक्य टाईप केलं.

उत्तर आलं. आभार मानले होते. पत्र छापलं, पण ते वाक्य गाळून.

त्यानंतर डॉक्टर रोज पाच वाजले की सायकल काढायचे. विभागात कुजबुज झाली की म्हाताऱ्यानं नवं संशोधन काढलं. एकदा पाचपावलीतून जाताना मी खोलीत डोकावलो. रामाजी पाटावर, डॉक्टर उंबऱ्यावर. दोघंही गप्प, गल्लीकडे बघत बसलेले.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "सर, तिथे तुम्ही दोघं बोलता तरी काय?"

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"काही नाई. मी गेलो का तो इचारते, जेवले का डॉक्टरसाहेब. बस." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मले दुसरं कोनी इचारत नाई, बाबू."