थरथरत्या हाताचं पिल्लू

"तोंड उघडा," सासरे म्हणाले.

घड्याळजींनी तोंड उघडलं.

"तुमचं नाही हो, जावईबापू! त्याचं!"

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली होती आणि तिच्यावर कुत्र्याचं लांब कानांचं, तांबूस पिल्लू चारी पायांवर ताठ उभं होतं. घड्याळजींनी घाईघाईनं त्याचे ओठ वर केले. सासरे कोट आणि हॅट चढवून परीक्षक झाले होते. त्यांची उभी हयात जकात खात्यात गेली होती, त्यामुळे प्रवाशाची पेटी तपासावी तसं ते पिल्लू तपासत. दात पाहिले, एक हात कोटाच्या खिशात ठेवून दुसरा पाठीवरून फिरवला, शेपूट उचलून खाली ठेवलं.

"माल चोख आहे," ते म्हणाले. "मालकच घामाघूम झालाय. अशा माणसाला आम्ही बाजूला घ्यायचो."

यात हसण्यासारखं काही नव्हतं आणि कुणी हसलंही नाही. कुत्र्यांचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं. रिंगणात पिल्लू नीट चाललं नाही तर ते परत जाणार होतं, आणि पिल्लू गेलं तर सासऱ्यांचं काय होईल याचा विचार करायलाही घड्याळजी आणि त्यांची बायको धजत नव्हते.

सासूबाई गेल्यापासून सासरे लेकीकडे राहायला आले होते. घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागच्या घरातली शेवटची खोली त्यांना दिली होती. ते तिथे खिडकीकडे तोंड करून बसत. जेवणाचं ताट आत जाई आणि बहुतेक तसंच बाहेर येई. काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "हं." असे महिने गेले. मग एक दिवस कुत्री पाळणाऱ्या एक बाई दुरुस्तीला टाकलेलं भिंतीवरचं घड्याळ न्यायला आल्या. त्यांच्या टोपलीतून एक पिल्लू निसटलं आणि थेट मागच्या खोलीत घुसलं. थोड्या वेळानं सासरे ते हातात लांब धरून दुकानात आले आणि गरजले, "हा मुद्देमाल कुणाचा?"

सासूबाई गेल्यानंतरचं ते त्यांचं पहिलं धड वाक्य. त्यांच्या लेकीनं गल्ल्यावरच पदर डोळ्यांना लावला आणि पिल्लू मागून घेतलं.

"देते," पिल्लांच्या बाई म्हणाल्या. "पण हे प्रदर्शनातलं वाण आहे. कोचावर लोळायला मी पिल्लं वाढवत नाही. येत्या प्रदर्शनात तुमच्या यजमानांनी याला रिंगणात नीट चालवून दाखवायचं. चाललं तर कायमचं तुमचं. नाही चाललं तर मी परत नेणार."

"चालवतील की! न चालवायला काय झालं?" बायको म्हणाली.

पडद्यामागे यजमानांच्या हातातला चिमटा खाली पडला.

पडद्याची गोष्ट अशी, की घड्याळजी एकटे असले म्हणजे केसाएवढा स्क्रू धरून दिवसभर बसले तरी हात हलायचा नाही. पण कुणी बघतंय एवढं कळायची खोटी, की हात लटलटा कापायला लागे आणि स्क्रू कुठल्या कुठे उडे. म्हणून दुकानात मधोमध पडदा. बाहेर बायको, आत ते. निम्म्या गिऱ्हाइकांची समजूत होती की दुकान बायकोच चालवते, आणि ती काही फार चुकीची नव्हती. असा हा माणूस आता भरल्या मैदानात कुत्रा घेऊन चालणार होता.

पण शिकवणी तर सुरू झाली. रोज दुकान बंद झालं की टेबलावर दात, कान, शेपूट, आणि मग ओसरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चाल. सासरे बघत उभे राहत. ते बघतात म्हणून घड्याळजींचा हात कापे. हात कापे म्हणून पट्टा कापे. पिल्लू मात्र मान वर करून असं झोकात चाले की बघत राहावं. जेवणाच्या वेळी सासरे आता बाहेर येऊन बसत आणि त्या दिवशीच्या चालीतल्या चुका सांगता सांगता दुसऱ्यांदा भात मागून घेत.

"पिल्लू उत्तम आहे," बायको म्हणाली. "तुमच्या हाताचंच काहीतरी केलं पाहिजे. तिथे सगळ्यांना दिसेल ते."

तिनं डॉक्टरांकडून हात शांत राहायची गोळी आणली. गोळीनं काम चोख केलं. संध्याकाळी घड्याळजींनी पट्टा धरला तेव्हा हात खांबासारखा स्थिर होता. आणि पिल्लू मट्‌कन खाली बसलं.

ओढलं, चुचकारलं, बिस्कीट दाखवलं. बसलेलं पिल्लू बसलेलंच. दुसऱ्या दिवशीही तेच. सासऱ्यांनी ताट अर्धं टाकलं तेव्हा मात्र बायकोनं पिल्लू काखोटीला मारलं आणि नवऱ्याला पुढे घालून प्राण्यांचा दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टरांनी पोट दाबलं, कान पाहिले, ताप पाहिला. "ठणठणीत आहे. जरा चालवून दाखवा."

घड्याळजींनी त्या दिवशी धावपळीत गोळी घेतली नव्हती. डॉक्टर चष्म्यातून रोखून बघत होते. हात कापायला लागला, आणि पिल्लू उठून ऐटीत चालायला लागलं.

"आता पट्टा मला द्या," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या हाती पट्टा गेला तसं पिल्लू बसलं. डॉक्टरांनी पट्टा परत दिला. पिल्लू उठलं.

"पहिल्या दिवसापासून असंच शिकवलंत याला?"

"असंच म्हणजे?"

"थरथरत."

"हो. म्हणजे... बाबा बघत असायचे ना."

"मग बरोबर आहे. त्याच्या लेखी पट्टा थरथरला म्हणजे चला, थांबला म्हणजे बसा. तुम्ही शिकवलंत तेच तो शिकलाय."

"ही सवय मोडता येईल का हो?" बायकोनं विचारलं.

"येईल की. सहा-आठ महिने लागतील."

"प्रदर्शन पुढच्या महिन्यात आहे!"

"मग यांनी घाबरत राहावं," डॉक्टर हात धूत म्हणाले. "दुसरा इलाज नाही."

घड्याळजी घरी आले ते जवळजवळ खुशीत. ज्या खोडीपायी जन्मभर पडद्याआड काढला, तिचा कुणाला तरी उपयोग होता. गोळ्या बंद झाल्या. पुरेसं घाबरायला मिळावं म्हणून बायकोनं दुकानातला पडदाच काढून टाकला. गिऱ्हाइकांसमोर काम, शेजाऱ्यांसमोर पिल्लाची चाल. सुरुवातीला घड्याळजी असे काही कापले की पिल्लू ओसरीवर चालायच्या ऐवजी दौडायला लागलं. सासरे खूश.

पण सवय वाईट असते. हळूहळू घड्याळजी मान वर करून गिऱ्हाइकांना "या, बसा" म्हणायला लागले. एकदा तर चौघं डोक्यावर उभे असताना त्यांनी बाईमाणसाच्या इवल्याशा घड्याळात स्क्रू बसवला आणि हात तसूभरही हलला नाही. त्यांना स्वतःचं एवढं कौतुक वाटलं, की पायाशी आडवं पसरलेलं पिल्लू त्यांना दिसलंच नाही. ते बायकोला दिसलं.

"घात झाला," ती म्हणाली.

मग घरात एकच उद्योग सुरू झाला, घड्याळजींना घाबरवणं.

"रिंगणात पाय अडकून पडलात तर?"

"पडलो तर उठेन."

"लोक हसले तर?"

"हसू देत बिचारे. सुट्टीचा दिवस असेल त्यांचा."

"अहो, असं काय करता? घाबरा की जरा!"

सासरे दाराआडून भांड्याचं झाकण आपटत. घड्याळजी दचकत, पण दचकणं निराळं आणि घाबरणं निराळं. शेवटी त्यांनी मुद्दाम हात हलवून पाहिला. पिल्लाला तो खेळ वाटला आणि ते पट्टा चावायला लागलं.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी सासरे ओसरीवर आलेच नाहीत. "राहू द्या," ते खोलीतून म्हणाले. "माल काय, आज आपल्या ताब्यात, उद्या दुसऱ्याच्या." आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर ही गर्दी! दोरीनं आखलेलं रिंगण, कंगवे आणि फवारे घेऊन कुत्र्यांभोवती नाचणारे लोक, कानठळ्या बसवणारं भुंकणं. दोरीच्या पलीकडे पिल्लांच्या बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. सासऱ्यांना लेकीनं बळंच आणून घडीच्या खुर्चीवर बसवलं होतं. घड्याळजी रिंगणात उतरले, सभोवार पाहिलं आणि घात झाल्याचं त्यांना कळलं. कारण पोटात एरवी व्हायचं ते काहीच होत नव्हतं.

पिल्लू बसलं.

"पुढे या," परीक्षक म्हणाले. उंच, गंभीर गृहस्थ. "चालवा त्याला."

पट्टा ओळंब्यासारखा सरळ लटकत होता. "ऊठ रे बाबा," घड्याळजी पुटपुटले. पिल्लानं जांभई दिली. पिल्लांच्या बाईंनी हाताची घडी सोडली आणि त्या दोरीजवळ आल्या.

घड्याळजींनी केविलवाणेपणानं सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे रिंगणाकडे बघतच नव्हते. ते वाकून पिशवी भरत होते. पिल्लाची वाटी पुसून आत ठेवली. कंगवा ठेवला. मग पिल्लाचा टॉवेल मांडीवर घेऊन एका हातानंच त्याची कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घातली, तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि तोही आत ठेवला. पिशवी पिल्लांच्या बाईंच्या हातात द्यायला तयार झाली.

घड्याळजींना ती मागची खोली दिसली. तसंच बाहेर येणारं ताट दिसलं. 'हे माझ्यामुळे होणार,' त्यांच्या मनात आलं, आणि आयुष्यात कुठल्या गिऱ्हाइकाची, कुठल्या गर्दीची वाटली नव्हती अशी भीती त्यांना वाटली. हात कापायला लागला. खांदा कापायला लागला. पट्टा तारेसारखा थरारला.

पिल्लू उठलं आणि निघालं. त्या दिवशी ते जे चाललं, ते बघणारे अजून सांगतात. मान वर, शेपूट सरळ, पावलाला पाऊल. पिल्लांच्या गटात ते पहिलं आलं.

"शब्द म्हणजे शब्द," पिल्लांच्या बाई म्हणाल्या. "आजपासून ते तुमचं. मी आता मागणार नाही." घड्याळजींना रडू आवरेना. बायकोलाही आवरेना. "रडताय काय?" बाई म्हणाल्या. "पहिल्या आलेल्यांची शेवटची फेरी आहे. चला, आत व्हा!"

घड्याळजी पुन्हा आत गेले. आता मैदानातली सगळी गर्दी याच रिंगणाभोवती लोटली होती. आणि घड्याळजींना कशाचीच भीती राहिली नव्हती. पिल्लू रिंगणाच्या मधोमध गेलं, एक गिरकी घेतली आणि अंगाचं वेटोळं करून झोपलं.

लोक हसायला लागले. परीक्षक जवळ आले. "काय झालं याला?"

"त्याला काही नाही झालं, साहेब," घड्याळजी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "मीच घाबरायचा थांबलोय."

परीक्षकांना याचा अर्थ लागला नाही. "कृपा करून बाहेर न्या त्याला," ते म्हणाले. पण पिल्लू काही हलेना.

"काय तमाशा लावलाय!" सासरे ओरडले, आणि लेक धरायच्या आत दोरीखालून वाकून रिंगणात आले. "द्या इकडे!"

सासऱ्यांनी आजवर पट्टा कधी धरला नव्हता. दिला तरी, "परीक्षकानं मालाला हात लावायचा, पट्ट्याला नाही," म्हणून नाकारत. खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी ते बोलत नसे. वयानं त्यांचा उजवा हात सारखा कापायचा. चारचौघांत दिसू नये म्हणून ते तो कोटाच्या खिशात ठेवत. आज रागाच्या भरात त्यांना खिशाचं भान राहिलं नाही.

पट्टा त्यांच्या उजव्या हातात गेला आणि पिल्लानं डोळे उघडले. ते उठलं, अंग झाडलं आणि निघालं. सासऱ्यांना काही कळायच्या आत तेही निघाले. हॅट पडली, ती कुणीतरी उचलली. कोटाच्या पंखांची फडफड करत म्हातारा आणि पिल्लू एका तालात अख्खं रिंगण फिरले. थांबा म्हणायचं परीक्षकांना सुचलं नाही, तेव्हा ते आणखी एकदा फिरले. लोक टाळ्या वाजवत होते. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदाच सासरे हसत होते, मोठमोठ्यानं, दम लागेपर्यंत.

मालकाऐवजी दुसऱ्यानंच चालवल्यामुळे त्या फेरीत नंबर काही मिळाला नाही. कुणी विचारलाही नाही.

निघताना पिल्लांच्या बाई घड्याळजींना म्हणाल्या, "छान झालं हो. आता पुढच्या प्रदर्शनालाही उतरायचं बरं का!"

घड्याळजी काही बोलायच्या आत सासऱ्यांनी पट्ट्याचा एक वेढा आपल्या मनगटाला घेतला.

"मला विचारा," ते म्हणाले. "जावईबापूंचा आता काही उपयोग नाही. ते बरे झालेत."