जोड-पदवी आणि मोडकी कडी

ठरवायचं एवढंच होतं, एमबीए करायचं की एलएलएम. पण मी भाजीच्या दोन जुड्या दोन हातांत धरून दुकानदाराचा अंत पाहणारी बाई. त्यामुळे व्यवस्थापन आणि कायदा एकत्र शिकवणारी जोड-पदवीच निवडली. (एका दगडात दोन पक्षी! दगड आपल्याच पायावर पडू शकतो, हे तेव्हा सुचलं नाही.)

"दोन्ही एकदम?" सासूबाई म्हणाल्या. "तुला दूध आणि पोर एकदम सांभाळता येत नाही."

(दूध उतू गेलं होतं, हे खरं.)

"करू दे गं आई," नवरा म्हणाला. "तेवढाच तिचा वेळ जाईल."

पोरगी झाली आणि माझी नोकरी सुटली. पुन्हा माणसांत जायला ही एवढीच फट दिसत होती. प्रवेशाची मुलाखत लॅपटॉपवर, घरूनच द्यायची होती. पण बेडरूमची कडी लेकीने मोडलेली आणि नवरा ती कित्येक रविवार 'येत्या रविवारी' बसवणार होता. शेवटी त्यालाच दाराबाहेर बसवलं.

"अर्धा तास फक्त. तिला आत सोडू नकोस, पाया पडते."

"अगं, एवढं काय! मी आहे ना."

समोर तीन प्राध्यापक. पहिला प्रश्न त्यांतल्या बाईंनीच टाकला, "अर्जावरून घरी लहान मूल दिसतंय. अभ्यास कसा जमणार?"

"जमेल ना. घरचे सगळे..."

दार धाडकन उघडलं. "आई, शी झाली!" करत लेक आत, आणि तिच्यामागे नवरा, हातात मोबाइल. (पहाऱ्यावर मॅच चालू होती.) त्याने तिला उचललं. "सॉरी हं. चल बाळा, बाबा धुतो."

बाई विरघळल्याच. "अय्या, मुलीचं तुम्ही करता?"

"जमेल तसं," तो चक्क लाजला.

"नोकरी सांभाळून?"

"हो ना. कंपनीत खरेदी खातं बघतो."

"अहो, मग हा कोर्स तुमच्यासारख्यांसाठीच आहे!"

गप्पा रंगल्या. लेकीला धुवायला अर्थातच मी गेले. परतले तेव्हा वेळ संपली होती.

माझं नाव प्रतीक्षायादीत लागलं, आणि तिथेच राहिलं. पुढच्या फेरीत नवऱ्याने अर्ज केला. त्याला घर कसं सांभाळणार, असं कुणी विचारलं नाही. "कोर्स मात्र चांगला शोधलास हो," सासूबाई म्हणाल्या. या घरात आल्यापासूनचं माझं पहिलं कौतुक.

तो ऑफिसातून दमून येतो, म्हणून त्याचे निबंध मी लिहिते. पहिलाच विषय होता, एका भागीदाराने दुसऱ्याच्या कष्टांचा फायदा लाटला तर काय? एका बैठकीत लिहून काढला. परवा शेरा आला, 'उत्कृष्ट! अनुभवातून लिहिलेलं जाणवतं.'

नवऱ्याने तो मला दोनदा वाचून दाखवला. "बघितलंस? शेवटी ऑफिसचा अनुभवच कामी येतो."

मग त्याचं ऑनलाइन लेक्चर सुरू झालं. तो आत गेला. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर स्टूल टाकून बसले.

कडी तो येत्या रविवारी बसवणार आहे.